कोपरा फाडलेलं कार्ड

तळ्यात पोहणाऱ्या बायका आबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी एका चित्राच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडला आणि ते कार्ड तसंच घरी पाठवून दिलं. ही चूक झाली.

कोपरा फाडलेलं कार्ड आमच्याकडे कशाचं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी मीच गावात अशी कार्डं वाचून दाखवली होती. पोस्टमन कार्ड हातात देताना खाली बघायचा, मग ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेर उभ्यानं वाचायचं, वाचून झालं की तुकडे करून टाकायचे आणि आंघोळीला जायचं. धरणगावच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात सहावीतल्या पोरालाही हे कळत होतं. मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो.

युरोपचा नकाशा मी वीस वर्षं फळ्यावर हातानं काढला होता. आल्प्सला पांढरा खडू, ऱ्हाईनला निळा. बर्फ मात्र सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या गोळेवाल्याकडचाच पाहिलेला. धाकटा भाऊ पश्चिम जर्मनीत इंजिनियर होता, तिकडचीच बायको केलेली. त्यानं तिकीट पाठवलं आणि लिहिलं, "भाऊ, वर्षभर ये. चारी ऋतू बघ. वीस वर्षं शिकवतोस ते एकदा डोळ्यांनी बघून घे." मी बिनपगारी रजा काढली. धुळ्याची भाड्याची खोली रिकामी केली आणि बायकोला खेड्यावर आई-आबांकडे ठेवून दिलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मला वाटलं, एकटीच तर आहे, राहील. तिला काय वाटतं ते मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

एप्रिलात तिकडे पोचलो तर झाडांना पान नव्हतं. पंधरा दिवसांत सगळं गाव सफरचंदाच्या फुलांनी भरलं आणि मी रोज सकाळी भावाचा जुना कोट घालून, हात मागे बांधून, पाहुण्या इन्स्पेक्टरसारखा हिंडायला लागलो. भावाच्या इमारतीत एक लाकडी पाटी होती. ती ज्याच्या दारावर लटकेल त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. भाऊ नोकरीवर, भावजय नोकरीवर, म्हणून पाटी आली की झाडू माझ्या हातात. पहिल्या खेपेला मी खालच्या पायरीपासून झाडत वर गेलो. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं दार उघडून मला पाहिलं, झाडू काढून घेतला, वरून खाली कसं झाडायचं ते दाखवलं आणि परत दिला. हा प्रसंग मी बायकोला पत्रात खुलवून लिहिला. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: "इथे अंगण मोठं आहे."

मे गेला, जून गेला. मी घाईनं काही पाहत नव्हतो, याचा मला फार अभिमान होता. लोक आठ दिवसांत सात देश करतात, मी एका बाकावर सात दिवस बसलो, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. व्हिएन्नात एका कॉफीवर तीन तास काढले. वेटरनं दर अर्ध्या तासाला नवीन पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो पाहुणचार आहे असं समजून मी प्रत्येक ग्लास संपवला आणि मग उरलेली संध्याकाळ संडास शोधत व्हिएन्ना पाहिलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याकाठी गेलो. तिथे ते कार्ड घेतलं. निळं पाणी, मागे डोंगर, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तीन बायका, अंगावर जेमतेम काहीतरी. तळं फार सुंदर होतं, कार्ड सोडवेना. पण घरी कार्ड आलं की ते आधी आबांच्या हातात जातं, मग नानांच्या, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाच्या. तेव्हा मी बाकावर बसून, नखानं घडी घालून, कोपरा नीट तिरपा फाडला. बायका कचरापेटीत गेल्या. मला स्वतःच्या मर्यादशीलपणाचं कौतुक वाटलं.

त्यात आणखी एक भर घातली. आजवरची पत्रं मी मराठीत लिहिली होती. बायको सातवी पास, ती एकटीच माजघरात वाचायची. मला वाटलं, हे एक इंग्रजीत लिहावं. म्हणजे शाळेच्या मास्तरांना बोलवावं लागेल, ओट्यावर चार माणसं जमतील, मास्तर वाचून अर्थ सांगतील आणि गावाला कळेल आपला माणूस कुठे बसून काय लिहितोय. म्हणून मी मोठ्या डौलात, लपेटीदार अक्षरात इंग्रजी लिहिलं. तळं निळं आहे, आइस्क्रीम खाल्लं, होडीत बसलो, इथली बदकं फार स्वच्छ आहेत.

ते कार्ड पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात पोचलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं आबांनी सांगितलं, थोडं आईनं, आणि बाकीचं बायकोनं, तेही एका बैठकीत नाही.

नाना ओट्यावर बैलांच्या झुलीला टाके घालत होते. पोस्टमननं कार्ड लगेच पुढे केलं नाही.

"नाना," तो म्हणाला, "कार्डले कोपरा नही शे."

"कोनता गावनं?"

"परदेशनं. इंग्रजीमा शे."

नानांनी सुई झुलीत खोचली. म्हणाले, "इंग्रजीमा म्हनजे तठलाच कोनी लिखेल व्हई." तिथल्याच कुणीतरी लिहिलंय. हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पत्ता माझ्या बायकोच्या नावाचा, तेव्हा गेलो तो मीच, आणि मेलेला माणूस स्वतः कशाला लिहील? आणि माझं इंग्रजी अक्षर गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

इंग्रजी वाचणारे मास्तर पोळ्याच्या सुट्टीत आपल्या गावी गेलेले. नाना म्हणाले, वाचायचं काय राहिलंय? कार्ड अंगणाबाहेर, गोठ्याच्या भिंतीवर दगडाखाली ठेवलं. आबा अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर जाऊन बसले. नानांच्या मुलानं सायकल काढली आणि धरणगावहून जर्मनीतल्या माझ्या भावाला तार केली.

माझी बायको त्या वेळी पुरणाची डाळ निवडत होती. आमच्या घरात आबांची विधवा बहीण होती, माझी आत्या. असल्या कामाला विधवाच लागते. तिनं बायकोचा हात धरून मागच्या दारी नेलं आणि दोन्ही मनगटं जात्याच्या दगडावर आपटली. डाव्या हातातल्या बांगड्या लगेच फुटल्या. उजव्या हाताला वेळ लागला, त्यात काच घुसली. ती खूण पुढे कायम राहिली. गळ्यातली पोत काढून आत्यानं आपल्या पेटीत ठेवली. माझ्या आईनं तोंड फिरवलं होतं. अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावातले सगळे बैल रंगवून, बाशिंगं बांधून वेशीत गेले, आमचे दोन तसेच दावणीला उभे. कुणी त्यांच्या शिंगांना हात लावला नाही. घरात चूल पेटली नव्हती, शेजारून भाकरी आली. ओसरीवर माणसं बसली होती आणि आत बसलेल्या बायकोला बोलणं ऐकू येत होतं. ते काही वाईट लोक नव्हते. पण दुपारपर्यंत बोलणं दहाव्याच्या पुढे गेलं होतं. आत्या म्हणाली, दहावं झालं की हिच्या भावाला बोलावून हिला माहेरी, पाचोऱ्याला पाठवून द्या, पोर ना बाळ, इथे बसून काय करील. नाना म्हणाले, हिच्या दागिन्यांची पेटी मात्र इथेच राहू द्या. बायकोनं मला नंतर सांगितलं, "आबा काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते खोकले फक्त."

तिसऱ्या दिवशी मास्तर परत आले. नानांनी त्यांना भिंतीपाशी नेलं. दगड उचलला. मास्तरांनी कार्ड उलटंसुलटं केलं, घसा साफ केला आणि सुतक पाळून बसलेल्या माझ्या घराला उभ्यानं वाचून दाखवलं, की तळं निळं आहे, मी आइस्क्रीम खाल्लं आणि इथली बदकं फार स्वच्छ आहेत.

मला हवी तशी ओट्यावर माणसं जमली होती. चारापेक्षा जास्तच.

आई म्हणे हसत सुटली आणि तिला आवरेना. आबा पुन्हा विहिरीवर गेले. आत्यानं पेटी उघडून पोत आणली आणि बायकोपुढे धरली, "घे, घाल, कासाराले बलाव." बायको म्हणाली, "ज्याच्या नावाच्या होत्या त्यानं येऊन भरायला सांगावं. तोवर नाही." तिनं स्वतःचं लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि धरणगावच्या स्टँडवरून पाचोऱ्याची गाडी धरली. एकटी. रिकाम्या मनगटानं आणि मोकळ्या गळ्यानं, नवरा जिवंत असताना.

आता माझं ऐका.

तार भावाच्या घरी आली तेव्हा मी एकटाच होतो, बटाटे सोलत होतो. तार भावाच्या नावाची होती. मी फोडली. माझा मृत्यू केव्हा आणि कशानं झाला, अंत्यविधी कुठे केला, ते कळवा, असा तिचा मजकूर. मी हसलो. खुर्चीत बसून मोठ्यानं हसलो, वरच्या म्हातारीनं जमिनीवर काठी आपटेपर्यंत. संध्याकाळी भाऊ आला. त्यानं तार वाचली, मग मला कोपऱ्याचं विचारलं, आणि तो हसला नाही. "भाऊ," तो म्हणाला, "तू परत जा. पुढच्या आठवड्यात जा."

"अरे, कळवून टाकू जिवंत आहे म्हणून. झालं."

"वहिनीचं काय झालं असंल तिकडं?"

"काय होणार? रडली असंल थोडी."

मी उलट तार केली आणि राहिलो. कार्डाची गोष्ट मी पुढे शंभर ठिकाणी सांगितली, लोक हसले. ही बटाट्याची गोष्ट मी फारशी सांगत नाही.

सप्टेंबरात बायकोचं पत्र आलं, पाचोऱ्याहून. "आपण खुशाल असल्याचे समजले. माझ्या हातात बांगड्या नाहीत. कधी येता?" एवढंच. काय झालं ते तिनं लिहिलं नव्हतं, पण दुसरं वाक्य पुरेसं होतं. मला ते कळलं आणि मी न कळल्यासारखं केलं. मी तिला चार पानी उत्तर लिहिलं. त्यात पहिल्या पानावर क्षमा होती, दोन ओळी, आणि पुढे पानगळीचं वर्णन. मेपलचं पान आधी कडेनं कसं लाल होतं, द्राक्षांच्या टेकड्यांवर माणसं पाठीला टोपल्या लावून कशी चढतात. तिकीट मार्चचं आहे, तेव्हा बांगड्या तूच भरून घे, असंही लिहिलं. तिनं त्यावर उत्तर दिलं नाही. नंतरच्या कुठल्याच पत्राला दिलं नाही.

नोव्हेंबरात तिकडचा उजेड चार वाजता मावळायला लागला. त्या महिन्यात लोक कबरस्तानात दिवे लावतात. भावजयीबरोबर मीही गेलो. एका दगडावर नवऱ्याचं नाव, दोन्ही सालं, आणि खाली बायकोचं नाव. तिचं जन्मसाल कोरलेलं आणि पुढे नुसती रेघ, मोकळी. भावजय म्हणाली, ती बाई जिवंत आहे, आत्ताच बेकरीत भेटली की आपल्याला. मी म्हणालो, "चला, तुमच्याकडेही लोक आगाऊ मरतात म्हणायचं." भावजयीला मी ते इंग्रजीत समजावून सांगितलं, तरी ती हसली नाही. परतताना मला थंडी फार वाजली.

बर्फ पडला. फळ्यावरचा पांढरा खडू खरा निघाला. पाटी आमच्या दारावर आली की आता जिन्याबरोबर समोरचा बर्फही ओढायचा होता. पहाटे सहाला, अंधारात, रस्त्यावर मी एकटा आणि फावडं. तेव्हा माझ्या मनात पाचोरा यायचं. हाताला काम असलं की मन नको तिथे जातं. मी घाईनं उरकून वर जात असे आणि स्टोव्हपाशी बसून कुठल्या तरी शहराचं माहितीपत्रक वाचत असे. जानेवारीत प्राग पाहिलं, फेब्रुवारीत व्हेनिस. दोन्ही गावं मला ओली आणि काळी आठवतात, आणि त्यात त्या गावांचा दोष नाही.

मार्चच्या शेवटी मी धरणगावच्या स्टँडवर उतरलो. अंगात भावाचा कोट, सावलीतही घाम. आबा एकटेच आले होते. वर्षभरात ते अर्धे झाले होते. माझ्या दंडाला बोटानं चाचपून म्हणाले, "जित्ता शेस ना?"

"शे, आबा."

"मंग आते घर येवाना पहिले मारुतीना देऊळमा चाल."

ज्याचं सुतक पाळलं तो माणूस तसाच घरात घ्यायचा नाही, असं भटजींचं मत पडलं होतं. त्यानं नव्यानं जन्म घ्यायचा. मुंज, लग्न, सगळं पुन्हा. मी भूगोलाचा मास्तर, पण नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. गावाबाहेरच्या देवळात माझं डोकं भादरलं, आंघोळ घातली, मध चाटवला. सगळं गाव पारावर बसलं होतं.

"भटजी," एकजण ओरडला, "याले आते दूध पाजनं पडई का चहा चाली?"

बारशाला नाव कानात सांगायचा मान आत्याचा. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून नाव सांगितलं, पूर्वीचंच. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. साधे, सुरकुतलेले हात होते, तिच्या स्वतःच्या बांगड्या कधीतरी अशाच कुणीतरी फोडल्या असतील. तिच्यावर मला रागवता आलं नाही. रागवायला मला जागा कुठे होती?

भटजी पुढच्या पानावर आले. "आता विवाह. वधूला बोलवा."

आबा हळूच म्हणाले, "पाचोऱ्याले शे. तूच जाय. आम्ही सांगिसन ती येवाव नही."

गोटा केलेल्या डोक्यावर टोपी घालून मी दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला गेलो. पिशवीत हिरव्या बांगड्यांचे दोन डझन आणि व्हेनिसहून आणलेला काचेचा एक मासा. मेहुण्याच्या गच्चीवर ती उन्हात बसून बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालत होती. ओल्या फडक्यावर पातळ पीठ फिरवत होती, कोपरापर्यंत पांढरं. मनगटं मोकळी. मला पाहून हात थांबले नाहीत.

"बसा," ती म्हणाली. "त्या कडेच्या वाळल्यात, उलटवा."

मी उलटवल्या. दोन मोडल्या.

मी बांगड्या बाहेर काढल्या. ती म्हणाली, "हात भरलेत." मग मी भटजींचं सांगितलं, की पुन्हा लग्न लावायचं म्हणतात. ती पहिल्यांदाच थांबली. "पहिल्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आता विचारायला आलात तर मला विचार करू द्या."

चार दिवस तिनं विचार केला. चार दिवस मी मेहुण्याच्या ओसरीवर बसलो, येणारी माणसं माझ्या डोक्याकडे बघून "कोण गेलं?" विचारायची आणि मेहुणा तोंड दाबून आत जायचा. रोज मला वाटे, आज ती नाही म्हणेल. पाचव्या दिवशी सकाळी ती बाहेर गेली आणि तासाभरानं आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या. मी आणलेल्या नव्हत्या. लाल होत्या, कासाराकडे जाऊन स्वतः भरून घेतलेल्या. म्हणाली, "भटजीला सांगा, लग्न नको. आणि त्या घरात मी पाय टाकणार नाही. धुळ्याला खोली बघा. कुणाच्याही आजारपणाला जाईन, पण राहायला नाही."

मी कबूल केलं. कबूल न करून काय करतो? आईला ते लागलं, आबांनी मान हलवली.

पारोळ्यावरून धुळ्याला जाणाऱ्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. बाहेर कापसाची रिकामी, उपटलेली शेतं. ती खिडकीशी बसली होती, उजव्या मनगटावरच्या खुणेवर बांगडी सरकत होती. मला गप्प राहता आलं असतं. वर्षभर मी जे पाहिलं त्यातलं काहीतरी सांगता आलं असतं. पण मला तिच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती, कशाला ते आता सांगायला लाज वाटते.

"त्या दोन दिवसांत," मी विचारलं, "तुला फार वाईट वाटलं असंल, नाही?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी बसून आठवत होते, तुमच्यावाचून घरातलं काय काय अडेल. संध्याकाळपर्यंत आठवलं. एकही काम सापडलं नाही."